बिंदगीतलं पाणी

सिस्टर,

शुक्रवार, एकोणीस डिसेंबर, दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी माझ्यावर अन्याय झाला. वेळ नक्की सांगता येते, कारण माझ्या मुलाने ते वाक्य बोलण्याआधी मनगट वर करून घड्याळ पाहिलं आणि ते घड्याळ माझ्या नाकासमोर आलं. स्थळ लातूरकडच्या मुरुडजवळचं आमचं शेत. साक्षीदार घरची सगळी माणसं आणि शेजारच्या वावरातून जेवायला बोलावलेले काही लोक. त्यांची नावं मला येत नाहीत, पण ती मला कुणी सांगितलीच नव्हती, तेव्हा तो गुन्हा माझ्या खात्यावर धरू नये. वाक्य असं होतं : "आईला आता एकटं ठेवता येणार नाही." मी हातभर अंतरावर बसले होते. हातात भज्जीची वाटी होती. वाक्य मला उद्देशून नव्हतं. ते त्याच्या काकाला सांगितलं गेलं, गोठ्यातल्या म्हशीचं काय करायचं ते माणसं माणसांना सांगतात तसं. तुम्ही असतात तर त्याला उभं केलं असतं आणि ज्याच्याबद्दल बोलायचं त्याच्याकडे तोंड करून पुन्हा बोल म्हणाला असतात. तुम्ही नाही आहात. त्याला उभं करण्याइतकी ताकद माझ्यात त्या दुपारी नव्हती, आणि खरं सांगायचं तर आजही नाही. मी एकाहत्तर वर्षांची आहे आणि मला स्वतःची बाजू मांडण्याचा कंटाळा आला आहे. म्हणून ती एकदाच, तुमच्यापुढे मांडते.

तुम्ही केरळातून आलात ते थेट किनवटला, आणि तिथल्या वसतिगृहातल्या पोरींकडून मराठी शिकलात. आमच्या नांदेडच्या शाळेत आलात तेव्हा इंग्रजी तुमचं चकचकीत होतं आणि मराठीत मात्र 'हाव' आणि 'लई' होतं. आम्ही तोंडावर रुमाल धरून हसायचो. इतकी वर्षं इकडे काढूनही येळवस तुम्हाला कधी धड पाहायला मिळाली नाही, म्हणून आधी ती सांगते. मार्गशीर्षाची अमावस्या. त्या दिवशी लातूर रिकामं होतं. शटरं खाली, रिक्षा गायब, सगळं गाव शेतात. ज्याला शेत नाही त्याला कुणीतरी बोलावतंच. वावरात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करतात, आत चुन्याने रंगवलेले पाच दगड मांडतात, ते पांडव. मग भज्जी, म्हणजे पालेभाज्या आणि कोवळे दाणे घालून केलेली पातळ भाजी, बाजरीचे उंडे, धपाटे, आणि आंबिल, म्हणजे ताकात आंबवून शिजवलेलं ज्वारीचं पीठ. हे आंबिल न्यायचं ते बिंदगीतून. बिंदगी म्हणजे मातीचं लहान मडकं, चुन्याने आणि कावेने रंगवलेलं. घरातल्या मोठ्या बाईने ती डोक्यावर घेऊन बांधावरून कोपीपर्यंत चालत जायचं, पांडवांपुढे पहिली धार ओतायची, मग बाकीच्यांनी प्यायचं. आमच्या घरी हा मान आधी सासूबाईंचा होता. त्यांच्यानंतर माझा.

नवी बिंदगी आणली की आदल्या रात्री ती पाण्याने भरून ठेवतात. नाहीतर कोरी माती आंबिल पिऊन टाकते. सकाळी ते पाणी ओतून द्यायचं आणि आंबिल भरायचं. मी पाणी ओतलं नाही. तोंडाला स्वच्छ फडकं बांधलं, गाडीत मांडीवर धरून मुरुडपर्यंत नेलं, बांधावरून डोक्यावर घेऊन चालले, पोरं मागून आरडाओरडा करत आली, मी पांडवांपुढे बसून फडकं सोडलं आणि लातूर महापालिकेच्या नळाचं पाणी त्यांना पाजलं. आंबिल लातूरला, माझ्या ओट्यावर, झाकण घातलेल्या पातेल्यात.

मग माझे दीर म्हणाले, "पांडवाला बी शुगर झाली काय वैनी? नुसतं पाणी पाजायलाव." सगळे हसले. मीही हसले. त्यांना म्हटलं, भीमाचं पोट बघा जरा, पाणीच बरं त्याला. जाऊबाईंनी शेजारच्या कोपीतून तांब्याभर आंबिल मागून आणलं, पांडवांची तहान भागली, माणसं जेवायला बसली. इथे हा विषय संपायला हवा होता. आमच्या घरात एका येळवशीला भज्जीत मीठच नव्हतं आणि एकदा सगळे धपाटे मुरुडच्या एसटीत राहिले होते, तेव्हा कुणाला दवाखान्यात नेलं नव्हतं. पण माझा मुलगा हसला नव्हता हे मी पाहिलं होतं. तो माझ्याकडे बघत होता, आणि ती नजर मी ओळखत होते. ती कुठे पाहिली होती ते मला त्या वेळी आठवलं नाही. ते पुढे सांगते.

त्या दुपारी मला तुम्ही आठवलात, कारण मी तोंड उघडून म्हणणार होते, "अरे, विसरले," आणि तेवढ्यात विहिरीवरची मोटार आठवली. मी आठवीत होते, तुमच्या वसतिगृहात. संध्याकाळी मोटार बंद करायचं काम त्या आठवड्यात माझ्याकडे होतं. मी ती बंद केली नाही. टाकी भरून वाहिली, स्वयंपाकघरामागे तुम्ही लावलेली वांग्याची रोपं वाहून गेली, आणि तुम्ही चपला हातात घेऊन, झगा घोट्याच्या वर धरून चिखलात उभ्या. मी म्हटलं, सिस्टर, मी विसरले. तुम्ही ओरडला नाहीत. म्हणालात, "विसरले ही बातमी झाली. बातमी मला मिळाली आहे, माझे पाय ओले आहेत. कारण सांग."

मला कारण सांगता येईना. विसरण्याला कारण असतं हेच मला ठाऊक नव्हतं. तुम्ही मला वर्गाच्या पायरीपासून पुन्हा चालायला लावलंत. इथून निघालीस, मग काय पाहिलंस? मग कोण भेटलं? मी चालत राहिले, आणि फाटकापाशी आल्यावर मला सापडलं. तिथे पोस्टमनने हाक मारली होती. देगलूरहून वडिलांचं अंतर्देशीय आलं होतं. ते फोडून वाचत वाचत मी डावीकडे विहिरीला जायच्याऐवजी उजवीकडे खोलीत गेले होते. तुम्ही म्हणालात, "म्हणजे तू विसरली नाहीस. तू वाटेत दुसरीकडे गेलीस. हाव ना?" आणि दुसऱ्या दिवशी रोपं पुन्हा लावायला लावलीत, सगळी. ही शिक्षा मला तेव्हा फार वाटली होती. आज वाटतं, मला मिळालेली अक्कल त्या मानाने स्वस्तात पडली.

तर कारण. शेतात, हातात वाटी घेऊन, मी मनातल्या मनात माझ्या ओट्यापासून पुन्हा चालले आणि मला ते लगेच सापडलं. सकाळी बिंदगीच्या गळ्याला हात घातला होता, उचलून मोरीत ओतणार, तेवढ्यात फोन वाजला. मुलाचा. तो नांदेडहून निघाला होता. आई, गोळी घेतलीस का. गॅस बंद केलास का. शाल घे, वावरात गार असतं. बिंदगी खाली ठेवून मी तीनदा हो म्हटलं. फोन ठेवला तेव्हा समोर काय, तर गळ्यापर्यंत भरलेली बिंदगी आणि शेजारी घडी घातलेलं फडकं. भरलेलं मडकं आणि बाजूला फडकं दिसलं की हात काय करतील? बांधतील. माझ्या हातांनी बांधलं. हे मी जसंच्या तसं सगळ्यांपुढे सांगितलं. दीर म्हणाले, बरोबर हाय की. मुलगा म्हणाला, "बघा, शेवटी माझ्यावरच आलं." आणि मग मनगट वर गेलं आणि ते वाक्य आलं.

संध्याकाळी त्याने मला लातूरला घरी सोडलं आणि चहा होईपर्यंत थांबला. चहा झाल्यावर ओट्याखाली वाकला, सिलिंडरवरचं रेग्युलेटर काढलं, कागदात गुंडाळलं आणि खिशात घातलं. मग गाडीतून खोकं घेऊन आला. त्यात विजेची शेगडी होती, नवी, पट्टी न तोडलेली. सिस्टर, ती शेगडी डिकीत होती. म्हणजे पांडवांना पाणी पाजण्याच्या आधीच ती लातूरला यायला निघाली होती. बिंदगीने फक्त निमित्त दिलं. मी त्याला विचारलं, खोकं कधी घेतलंस? तो म्हणाला, ऑफर होती.

विजेच्या शेगडीवर भाकरी होत नाही. तव्यावर पापुद्रा येतो, पण तिला शेवटी आगीवर टाकावं लागतं, तेव्हा ती फुगते. शेगडीला आगच नाही. मी चपट्या, दडस भाकरी खाते आहे. हे मुद्दाम लिहिते, कारण लोकांना वाटतं म्हाताऱ्या माणसाचं काय, दोन घास. पण वयाच्या बाराव्या वर्षापासून मी भाकरी फुगवते आहे, आणि ती फुगली की माझ्या मनाला काहीतरी ठीक आहे असं वाटतं. तेवढं त्याने कागदात गुंडाळून नेलं.

आता त्याच्याबद्दल. तो गाडीची किल्ली महिन्यातून दोनदा हरवतो. एकदा मुलीचा डबा गाडीच्या टपावर ठेवून निघाला आणि तो डबा पुढच्या चौकात दुसऱ्याच्या चाकाखाली गेला. त्याला त्याच्या बायकोचा मोबाइल नंबर पाठ नाही. मी विचारलं तेव्हा हसून म्हणाला, कुणाला असतो? तो विसरला की तो कामात असतो. मी विसरले की मी आजारी. मी नांदेडच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये आणि मग लातूरच्या, बोर्ड निघून जाईपर्यंत बोर्डावर बसले. तुमच्या इंग्रजीने ती नोकरी मिळवून दिली, हे तुम्हाला ठाऊक आहे, मी पेढे घेऊन आले होते. मोंढ्यातल्या आडत्यांचे नंबर, सिव्हिल हॉस्पिटल, डाळमिल, कलेक्टरचा बंगला, लोक नंबर सांगायचेच नाहीत. बाई, आमच्या व्याह्याला लावा, म्हणायचे, आणि मी आवाजावरून व्याही ओळखून जोडणीची दोरी लावायचे. त्यातले कितीतरी नंबर आजही डोक्यात आहेत. ज्या दुकानांचे ते होते ती दुकानं नाहीत. कालच्या दुपारी चष्मा कुठे ठेवला ते मात्र डोक्यात नाही. डोकं काय ठेवतं आणि काय टाकतं, याबाबतीत ते मला विचारत नाही.

त्याने दवाखान्याची वेळ घेतली, नांदेडला, डॉक्टर लेनमध्ये. मी नाही म्हटलं नाही. नाही म्हटलं असतं तर तेही लक्षणात गेलं असतं. बसायला बाकडी होती, टीव्ही आवाज बंद करून चालू होता. मग तो टीव्हीकडे बघतच म्हणाला, "आई, तुला आठवतं, आजीला शोधायला मी गेलो होतो."

आणि मला ती नजर कुठली ते कळलं.

माझ्या सासूबाई. ज्यांनी मला बिंदगी कशी भिजवायची ते शिकवलं, त्या. शेवटच्या काही वर्षांत त्या जेवून उठायच्या आणि विचारायच्या, भाकर झाली का. परातीत पीठ मळून त्याच्याकडे बघत उभ्या राहायच्या. मी त्यांच्या घरात इतकी वर्षं नांदलेली सून, मला एकदा पाट देऊन म्हणाल्या, "बसा बाई. तुमी कुण्या गावच्या?" एका येळवशीला मी बिंदगी रंगवून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती फिरवून फिरवून पाहिली आणि विचारलं, "हे काय हाय?" त्याच वर्षी त्या एका दुपारी घरातून निघाल्या आणि सापडेनात. मी लातूरला ड्युटीवर होते. मोठी माणसं विहिरी बघत होती. हा दहा वर्षांचा, कुणाला न सांगता पळत मुरुडच्या एसटी स्टँडवर गेला. त्या तिथे बसल्या होत्या, माहेरी जायच्या गाडीची वाट बघत, पायात एकच चप्पल. हा हात धरायला लागला तेव्हा त्यांनी त्याला हाकललं, कुणाचं पोर आहे म्हणून. हा तिथेच उभा राहिला, थोडा लांब, मोठं माणूस येईपर्यंत. त्या दिवशी घरी आल्यावर त्याने आजीकडे जसं पाहिलं होतं तसं त्याने कोपीपाशी माझ्याकडे पाहिलं.

मी त्याला काय म्हणायला हवं होतं ते मला आता सुचतं. तेव्हा मी फक्त म्हटलं, आजीला बिंदगी कळत नव्हती. मला कळते, माझं ओतायचं राहिलं. तो म्हणाला, "सुरुवातीला तिचंही राहतच होतं, आई."

डॉक्टर तरुण बाई होती. पहिला प्रश्न तिने मुलाला विचारला, यांना किती दिवसांपासून होतंय. मी म्हटलं, यांना ऐकू येतं, यांना विचारा. ती वरमली, मग तिने खुर्ची माझ्याकडे वळवली, आणि तिथून पुढे तिने मुलाकडे फारसं पाहिलंच नाही. मला आज्जी म्हणाली तेवढं मी सोडून दिलं. कागदावर घड्याळ काढायला लावलं, काटे दाखवायला लावले. काही शब्द सांगून नंतर विचारले. आकडे उलटे म्हणायला लावले, तिथे मी जरा मिरवलं, कारण आकडे हा माझा प्रांत. शंभरातून सात वजा करत करत मी इतकी खाली गेले की तिनेच पुरे म्हटलं. मग तिने विचारलं, काय झालं ते तुमच्या शब्दांत सांगा. मी बिंदगी सांगितली, फोन सांगितला, फडकं सांगितलं.

ती म्हणाली, "तुम्ही काय विसरलात, कसं विसरलात, हे तुम्हीच मला सांगताय. मला ज्यांची काळजी वाटते त्यांचं बहुधा घरचे सांगतात, त्यांना स्वतःला ते माहीतच नसतं." मग तिने समजावून सांगितलं. वय झालं की डोकं सावकाश चालतं. एका वेळी दोन कामं धरवत नाहीत, मधे कुणी बोललं की पहिलं काम सुटतं. नाव जिभेवर येऊन थांबतं आणि नंतर भलत्याच वेळी येतं. वस्तू शोधाव्या लागतात. हे म्हातारपण आहे, आजार नव्हे. रोजच्या रस्त्यावर वाट चुकायला लागली, तेच तेच पुन्हा विचारायला लागलात, हातची कामं, हिशेब, स्वयंपाक जमेनासा झाला, तर या, वाट बघू नका. तिने झोपेचं विचारलं, कानाचं विचारलं, मनाला उदास वाटतं का विचारलं. त्याला मी हो म्हटलं, कारण त्या आठवड्यात मला खरंच वाटत होतं आणि कारण शेजारी बसलं होतं. अंगाला खाज येते म्हणून मी दुकानातून आणून रोज झोपताना घेत होते ती गोळी तिने बंद केली. त्यानेही डोकं जड होतं म्हणे. रक्त तपासायला दिलं, थायरॉइड आणि जीवनसत्त्वाचं. आणि सहा महिन्यांनी पुन्हा या म्हणाली, आत्ताचं नंतर ताडून बघता यावं म्हणून.

मी जिंकले होते, सिस्टर. मला जिंकल्यासारखं वाटत नव्हतं एवढंच. मुलगा रक्ताचं विचारायला आणि गाडी आणायला गेला. मला म्हणाला, इथेच बस. इथेच बस हे शब्द ऐकल्यावर मी उठले. शाळा तिथून लांब नाही. रस्ते बदललेत, पूर्वी जिथे बोळ होता तिथे आता दवाखान्यांच्या पाट्या आहेत, पण माझे पाय चुकले नाहीत. फाटकापाशी आले. मी मॅट्रिक पास होऊन गेले तेव्हाचं कडुनिंबाचं झाड आहे. विहीर बुजवलेली दिसली. मला आत जाऊन तुमच्या कबरीपाशी उभं राहायचं होतं आणि सांगायचं होतं की कारण अजूनही चालतं, डॉक्टरनेही मानलं.

गेटवर वॉचमन होता, खुर्चीत. कुणाला भेटायचंय मावशी, म्हणाला. मी म्हटलं, सिस्टरला, त्या वारल्या, पूर्वी हॉस्टेल बघायच्या. तो उठून उभा राहिला, चांगला माणूस होता. म्हणाला, "लई सिस्टर झाल्या इथं, मावशी. नाव सांगा, म्हंजी आतून कुणालातरी बोलवतो."

मी तोंड उघडलं.

तुमचं सगळं आलं. कमरेच्या किल्ल्यांचा आवाज, ज्यावरून आम्ही व्हरांड्यात कोण येतंय ते ओळखायचो. उजव्या अंगठ्यावरचा विळीचा व्रण. सहावीत मला येळवशीला घरी जाऊ दिलं नव्हतंत, शाळेला सुट्टी नव्हती म्हणून, आणि मी रडून रडून ताप आणला, तेव्हा तुम्ही मला स्वयंपाकघरात नेऊन ताक आणि ज्वारीचं पीठ पुढे ठेवलंत, कर म्हणालात. मी ते घाईने शिजवलं, आंबवलंच नाही, आणि तुम्ही पेलाभर प्यायलात, डोळे मिटून. म्हणालात, आमच्याकडे तापात असंच काहीतरी देतात. हे सगळं तिथे गेटवर, त्या खुर्चीच्या शेजारी, एकदम आलं. नाव आलं नाही.

वॉचमन वाट बघत होता. मग मला स्नेहसंमेलन आठवलं. तुम्ही तेव्हा मुख्याध्यापिका, मी जुनी विद्यार्थिनी म्हणून खाली बसले होते, मांडीवर हाच मुलगा. तुम्ही माइकपुढे पाहुण्यांची ओळख करून द्यायला उभ्या राहिलात आणि पाहुण्यांचं नाव गेलं. तुम्ही माइकमध्ये म्हणालात, "नाव गेलं. येईल. तोवर तुम्ही बसा." लोक हसले, पाहुणेही हसले, तुम्ही गंभीर. मग मुलींचा नाच सुरू झाला, आणि नाचाच्या मधेच तुम्ही उठलात, पेटी थांबवलीत, पाहुण्यांचं नाव हुद्द्यासकट सांगितलंत, आणि पेटी पुन्हा सुरू करा म्हणालात. त्यानंतरही तुम्ही कित्येक वर्षं शाळा चालवलीत. तुमच्या कमरेच्या किल्ल्या कुणी काढून घेतल्या नाहीत.

मी वॉचमनला म्हटलं, "येईल."

"कोण येणार हाय?" तो म्हणाला.

मी परत फिरले. दवाखान्याच्या पायऱ्यांवर मुलगा उभा होता. पर्समध्ये फोन वाजून वाजून थकला होता, मी तो आत जाताना मुका केला होता. तो रागावला नाही. त्याचा चेहरा पन्नाशीच्या माणसाचा नव्हता, एसटी स्टँडवरच्या पोराचा होता, थोडा लांब उभा राहिलेला. मी म्हटलं, शाळा बघून आले. तो म्हणाला, बरं. पाण्याची बाटली दिली. आम्ही लातूरला आलो. दारापाशी म्हणाला, भोगीला येतो, दोन दिवस राहतो. तोवर बघू. काय बघायचं ते त्याने सांगितलं नाही. येताना रेग्युलेटर आणेल, किंवा माझं सामान न्यायला टेम्पो. मला वाटतं त्याचंही ठरलेलं नाही. रेग्युलेटर गाडीच्या कप्प्यात आहे, मी पाहिलं.

गेटवरचं मी त्याला सांगितलेलं नाही. डॉक्टरला फोन करूनही सांगितलेलं नाही, कारण ती काय म्हणेल ते मला माहीत आहे. नाव जातं, येतं, हे म्हातारपण आहे. ते मला पटतं. माझ्या वर्गातली एकजण नांदेडला राहते, तिला विचारलं तर एका मिनिटात सांगेल, आणि दुसऱ्या मिनिटाला सगळ्या जणींना मोबाइलवर कळवेल की हिला सिस्टरचं नाव आठवेना. आणि मला ते कुणाकडून आणून नको आहे. भांडी घासताना, दडस भाकरी उलटताना, मी वाट बघते, तुम्ही पेटी थांबवलीत तसं काहीतरी होईल म्हणून. पत्र लिहायला बसले तेही त्यासाठीच. वाटलं, लिहिता लिहिता येईल. वर पाहा, सिस्टर एवढंच लिहून मी स्वल्पविराम दिला आहे. पाकीट समोर आहे आणि त्यावर काय घालायचं हा प्रश्न आहे. तेव्हा हे पत्र टपालात पडणार नाही.

एकच गोष्ट कबूल करते. त्या गेटवर मला भीती वाटली. नाव गेलं याची नाही. मी तुम्ही शिकवलं तसं केलं, दवाखान्याच्या पायरीपासून पुन्हा चालले. वाटेत पोस्टमन नव्हता, फोन नव्हता, मला दुसरीकडे नेणारं कुणीच नव्हतं. मी सगळी वाट परत आले आणि कारण सापडलं नाही. नुसती बातमी होती. अशा वेळी काय करायचं ते शिकवायचं तुम्ही बाकी ठेवलंत.

म्हणून माझी मागणी. तुमचं पूर्ण नाव मला लेखी कळवावं, भोगीच्या आत, म्हणजे मंगळवार, तेरा जानेवारीला मुलाची गाडी दारात लागायच्या आधी. तोंडी चालणार नाही, कुणाच्या तरी बरोबर पाठवलेला निरोप चालणार नाही. त्याने काही विचारलंच तर मला ते त्याच्या तोंडावर, हुद्द्यासकट सांगता आलं पाहिजे. उशीर झाल्यास कारण कळवावं. विसरले, हे कारण धरलं जाणार नाही.